पाहुणा वादक आणि घरचा वाद्यवृंद

मी मूळचा हिंगणीचा. हिंगणघाटचा नव्हे, हे आधीच सांगून टाकतो, कारण आयुष्यभर ही दुरुस्ती करावी लागली आहे. सेलू तालुक्यातलं, बोर नदीच्या बाजूचं आमचं गाव. आता बोरच्या जंगलात वाघ बघायला जाणारे लोक आमच्या गावावरून जातात. माझ्या लहानपणी तिकडून फक्त बैलबंड्या आणि धरणाच्या कामावरचे ट्रक जात. गावात संगीत म्हणजे भजनी मंडळ, एक हार्मोनियम आणि खंजिरी. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी खंजिरीला आमच्या भागात जी प्रतिष्ठा दिली होती, तिच्यापुढे दुसरं वाद्य कुणाला सुचतच नसे.

अशा गावात मी पहिल्यांदा व्हायोलिन पाहिलं ते बोर धरणामुळे. धरणाचं काम चालू होतं त्या दिवसांत कामावर गोव्याकडचा एक ओव्हरसियर होता. संध्याकाळी तो खोलीच्या ओसरीवर बसून व्हायोलिन वाजवायचा. आम्ही पोरं कुंपणाबाहेर उभी राहून ऐकत असू. एकदा कामावरून परतणारा गावचा एक गडी थांबला आणि त्याने माझ्या वडिलांना विचारलं, "मास्तर, आत कोन रडून रायलं जी?" वडील हसले. मला मात्र हसू आलं नाही. ते रडणं मला आवडलं होतं.

पुढे ओळख वाढली. त्याने मला व्हायोलिन हातात धरू दिलं, गजाला राळ कशी लावायची ते दाखवलं. तो म्हणायचा, आमच्या गावात चर्चला लागून शाळा असते, तिथे अक्षरं शिकायच्या आधी पोरं सूर वाचायला शिकतात. हे खरं होतं. पोर्तुगीज काळापासून गोव्यातल्या चर्चच्या शाळांत स्वरलेखन आणि व्हायोलिन शिकवलं जाई. प्रार्थनेला गाणारे आणि वाजवणारे लागत, म्हणून ही सोय. त्या सोयीतून पुढे मुंबईला, कलकत्त्याला, संस्थानिकांच्या बँडला, हॉटेलांना आणि सिनेमाला किती वादक मिळाले याची मोजदाद नाही.

त्याच्या खोलीत एका माणसाचा मासिकातून कापलेला फोटो लावलेला होता. मी विचारलं, हे कोण? तो म्हणाला, येहुदी मेन्युहिन. मुंबईला येऊन गेला. मला ते नाव नीट उच्चारता येईना. पण डोक्यातून गेलंही नाही.

मेन्युहिन जन्मला १९१६ साली, न्यूयॉर्कमध्ये. रशियातून आलेल्या ज्यू कुटुंबातला. लहानपणीच त्याची कीर्ती इतकी पसरली की अकराव्या वर्षी, १९२७ मध्ये, न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये मोठ्या वाद्यवृंदासोबत त्याने बीथोवनची व्हायोलिनची रचना वाजवली. पुढे दीडेक वर्षात बर्लिनमध्ये त्याने एकाच संध्याकाळी बाख, बीथोवन आणि ब्राह्म्स या तिघांच्या रचना सादर केल्या. आईन्स्टाईन त्या कार्यक्रमाला हजर होते. दुसऱ्या महायुद्धात त्याने दोस्त राष्ट्रांच्या सैनिकांसाठी शेकडो कार्यक्रम केले. युद्ध संपल्यावर, १९४५ च्या जुलैमध्ये, बेर्गेन-बेल्सेनच्या छळछावणीतून वाचलेल्या लोकांपुढे तो वाजवून आला. आणि १९४७ मध्ये जर्मन संचालक फुर्टवेंगलरसोबत बर्लिनमध्ये वाजवायला उभा राहिला. ज्यू माणसाने जर्मनांकडे जाऊन वाजवावं, म्हणून त्याच्याच समाजातून त्याच्यावर टीका झाली. त्याने ती सोसली.

आता एकल वादक वाद्यवृंदासोबत वाजवतो म्हणजे नेमकं काय होतं, हे थोडं सांगायला हवं. आपल्याकडच्या मैफलीशी त्याची तुलना केली तर फसायला होतं. आपल्याकडे गवई मुख्य, तबला आणि पेटी साथीला. साथीदार गवयाच्या मागे जातो. तिथे तसं नाही. तिथे पन्नास, साठ, कधी ऐंशी वादक बसलेले असतात, प्रत्येकाच्या पुढे लिहिलेला कागद, आणि एकल वादकाचाही शब्द न् शब्द, म्हणजे सूर न् सूर, लिहिलेला. मला विचाराल तर जवळचं उदाहरण आपल्या कीर्तनाचं आहे. बुवा एकटे बोलतात, गातात, मागे टाळकरी धरून ठेवतात. मधेच बुवा थांबतात आणि सगळा गजर मागच्यांच्या हाती जातो. मग पुन्हा बुवा. बीथोवनच्या त्या रचनेत सुरुवातीला नगाऱ्यासारख्या वाद्यावर हलके ठोके पडतात, मग सगळा वाद्यवृंद जवळजवळ तीन मिनिटं वाजत राहतो आणि एकल वादक नुसता उभा असतो. हजार डोळे त्याच्यावर, आणि हातात व्हायोलिन गप्प. अकरा वर्षांचा पोरगा ती तीन मिनिटं कसा उभा राहिला असेल, याचं मला वाजवण्यापेक्षा जास्त नवल वाटतं.

शेवटाकडे एक जागा अशी येते की संचालक काठी खाली करतो, सगळे वादक थांबतात आणि एकटा वादक मन मानेल तसा, निदान तसं वाटेल असा, वाजवतो. आपल्या माणसाला ती जागा लगेच कळते. कारण आपल्याकडे सगळी मैफल तशीच असते.

हा मेन्युहिन १९५२ मध्ये पंडित नेहरूंच्या निमंत्रणावरून भारतात आला. देशात तेव्हा दुष्काळाचं संकट होतं, मद्रासकडे परिस्थिती विशेष कठीण होती. कार्यक्रमांचं उत्पन्न त्याने दुष्काळ निवारणासाठी दिलं. मुंबई, दिल्ली, मद्रास, कलकत्ता अशा शहरांत तो वाजवत फिरला. दिल्लीत त्याची आणि रविशंकरांची गाठ पडली. पुढे १९६६ मध्ये इंग्लंडमधल्या बाथच्या महोत्सवात दोघे एकत्र वाजवायला बसले आणि त्यांच्या ध्वनिमुद्रिकेला ग्रॅमी पुरस्कार मिळाला, ती गोष्ट पुष्कळांना ठाऊक आहे. दिल्लीतलीच दुसरी गोष्ट गमतीची. मेन्युहिनला योगासनांचा नाद लागला होता. आदल्या वर्षी न्यूझीलंडमध्ये एका डॉक्टरच्या प्रतीक्षागृहात त्याच्या हाती योगावरचं पुस्तक पडलं, तेव्हापासूनचा. नेहरू स्वतः शीर्षासन करणारे. पाहुण्याने शीर्षासन करून दाखवलं, तर यजमानांनीही लगेच करून दाखवलं. पंतप्रधान आणि जगातला नामांकित वादक, दोघे डोक्यावर उभे!

पण त्याला योगाची गरज गमतीसाठी नव्हती. लहानपणापासून जे आपोआप येत होतं, ते चाळिशीकडे येताना हातातून निसटू लागलं होतं. शरीर थकलं होतं, झोप नव्हती, गजाच्या हातावरचा ताबा डळमळत होता. मुंबईत त्याच्याकडे पुण्याहून एक तरुण योगशिक्षक आणण्यात आला. त्याचं नाव बी. के. एस. अय्यंगार. जन्माने कर्नाटकातले, पण १९३७ पासून पुण्यात येऊन राहिलेले, म्हणजे आपलेच. भेट ठरली होती पाच मिनिटांची. अय्यंगारांनी मेन्युहिनला निजवलं, त्याच्या डोळ्यांवर आणि कपाळावर बोटं ठेवली, आणि तो गाढ झोपी गेला. भेट कितीतरी लांबली. १९५४ मध्ये त्याने अय्यंगारांना स्वित्झर्लंडला बोलावून घेतलं आणि एक घड्याळ भेट दिलं. घड्याळामागे कोरून घेतलं होतं की हे आपल्या सर्वोत्तम व्हायोलिनशिक्षकाला. ज्यांनी व्हायोलिन कधी हातात धरलं नाही त्यांना! अय्यंगारांच्या जगप्रसिद्ध पुस्तकाची प्रस्तावनाही पुढे मेन्युहिननेच लिहिली.

इथवरची कथा बहुतेक ठिकाणी सांगितली जाते आणि तिथेच संपवली जाते. माझं लक्ष मात्र वेगळीकडे जातं. मेन्युहिन मुंबईत आला तेव्हा त्याच्या मागे बसायला वाद्यवृंद कुठून आला? लंडन-बर्लिनचा वाद्यवृंद काही त्याने बोटीत घालून आणला नव्हता. तो मुंबईचाच होता, बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा. आणि तो उभा करणारा माणूस होता मेहली मेहता.

मेहलींचा जन्म १९०८ चा, मुंबईच्या पारशी घरातला. व्हायोलिन शिकवणारी बडी संस्था तेव्हा मुंबईत नव्हती. ग्रामोफोनच्या तबकड्या पुन्हा पुन्हा ऐकायच्या आणि हाताला जमेपर्यंत वाजवायचं, असा पुष्कळसा मार्ग. १९३५ मध्ये त्यांनी बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा काढला, १९४० मध्ये चार जणांचा बॉम्बे स्ट्रिंग क्वार्टेट. वाद्यवृंदात पारशी होते, गोव्याचे ख्रिस्ती होते, युरोपातून जीव वाचवून आलेले लोक होते, आणि फुंकवाद्यं कमी पडली की नौदलाच्या बँडकडे हात पसरावा लागे. बहुतेकांचं पोट दुसऱ्याच धंद्यावर. कुणी हॉटेलात वाजवणारा, कुणी शिकवण्या करणारा. सराव संध्याकाळी, कामं आटोपल्यावर.

१९४५ मध्ये, सदतिसाव्या वर्षी, मेहली न्यूयॉर्कला गेले. कशाला, तर शिकायला. इव्हान गॅलामियन नावाच्या गुरूकडे. घरी पत्नी आणि दोन मुलं, थोरला नऊ वर्षांचा. चार-पाच वर्षं तो बाप घरी नव्हता. आपल्याकडे गुरूच्या घरी पाणी भरणाऱ्या शिष्यांच्या कथा आपण कौतुकाने सांगतो. पण मोठं नाव असलेला, स्वतःचा वाद्यवृंद असलेला माणूस चाळिशीच्या उंबरठ्यावर पुन्हा विद्यार्थी होतो, हे मला त्यांच्याहून मोठं वाटतं. याच गॅलामियनकडे नंतर इत्झाक पर्लमन शिकला. म्हणजे मेहली आणि पर्लमन हे गुरुबंधू.

ते परत आले आणि पुन्हा वाद्यवृंद बांधू लागले. १९५२ मध्ये मेन्युहिनच्या साथीला जो वाद्यवृंद बसला, तो असा जुळवून आणलेला. त्यांचा थोरला मुलगा तेव्हा सोळा वर्षांचा होता. वडिलांच्या वाद्यवृंदाच्या सरावात तो अधूनमधून संचालकाच्या जागी उभा राहत असे. घरच्यांना त्याला डॉक्टर करायचं होतं. १९५४ मध्ये तो वैद्यकीचा नाद सोडून व्हिएन्नाला गेला. हा झुबिन मेहता. त्याचं पुढचं सगळ्यांना माहीत आहे.

वडिलांचं तितकं माहीत नसतं. मुलाच्या पाठोपाठ, १९५५ च्या सुमारास, मेहलींनीही मुंबई सोडली. ते गेले मँचेस्टरला, हॅले वाद्यवृंदात. संचालक म्हणून नव्हे. जॉन बार्बिरोली यांच्या हाताखाली, सहायक अग्रवादक म्हणून. आपल्या शहरात ज्याने वीस वर्षं वाद्यवृंद पोसला, तो सत्तेचाळीसच्या घरात परक्या देशात दुसऱ्याच्या काठीकडे बघत खुर्चीवर बसला. कारण साधं होतं. हॅले वाद्यवृंद १८५८ पासून चालू होता आणि तिथे वादकाला महिन्याचा पगार मिळत होता.

इथे मला आमच्या भागाची आठवण येते. १८६७ मध्ये मुंबईहून रेल्वे नागपूरपर्यंत पोहोचली ती मुख्यतः आमच्या कापसासाठी. हिंगणघाटच्या कापसाचं नाव तेव्हा इंग्लंडच्या बाजारात होतं. कापूस मुंबईला गेला, मुंबईहून मँचेस्टरकडे गेला. त्या कापसावर मँचेस्टर श्रीमंत झालं आणि त्या श्रीमंतीत तिथे वाद्यवृंदही पोसला गेला. मुंबईही कापसावरच श्रीमंत झाली. तिने बंगले बांधले, दवाखाने बांधले, कॉलेजं काढली, त्यांचा मान आहेच. वाद्यवृंद मात्र हौसेवर सोडला. मेहली गेल्यावर तो फार काळ टिकू शकला नाही. हा हिशेब कुणी मांडत नाही, म्हणून मी मांडला. अर्थशास्त्राच्या प्राध्यापकांनी हवं तर मला चूक ठरवावं.

मग ते वादक गेले कुठे? ते होते तिथेच होते, सिनेमाच्या स्टुडिओत. रेकॉर्डिंग झालं की पैसे मिळत, आणि कामाला तोटा नव्हता. शंकर-जयकिशनच्या गाण्यांत जो व्हायोलिनचा लोंढा येतो, त्याची लिहिणी सेबॅस्टियन डिसोझांची, तेही गोव्याचे. गोव्याच्याच मजोर्डा गावचे अँथनी गोन्साल्विस हे दुसरे. राहुल देव बर्मन आणि प्यारेलाल त्यांच्याकडे शिकले. 'अमर अकबर अँथनी'मधल्या गाण्यात प्यारेलालांनी गुरूचं नाव अजरामर केलं, ते त्यांचं. या गोन्साल्विसांनी १९५८ मध्ये मुंबईत स्वतःचा मोठा वाद्यवृंद जमवला आणि झेवियर्स कॉलेजच्या आवारात कार्यक्रम केला. लता मंगेशकर आणि मन्ना डे गायला होते. हिंदुस्थानी राग आणि पाश्चात्त्य वाद्यवृंद एकत्र आणण्याचा तो प्रयोग. तोही टिकला नाही. पैसा लागतो.

म्हणून आमच्या हिंगणीसारख्या गावांनी सिंफनी ऐकलीच नाही असं मी म्हणणार नाही. घरी मर्फीचा रेडिओ होता, छपरावर जाळीची एरियल, आणि दरवर्षी पोस्टात जाऊन लायसनचे पैसे भरावे लागत. त्या रेडिओवर विविध भारती आणि सिलोन लागलं की गाण्याच्या दोन कडव्यांमध्ये तीसचाळीस व्हायोलिनं एकदम उठत. आम्ही ते ऐकत मोठे झालो. आमच्या गावच्या ज्या गड्याला ओव्हरसियरचं एकटं व्हायोलिन रडण्यासारखं वाटलं, त्यालाच रेडिओवरचं तेच वाद्य गोड वाटत होतं. एकटं वाजलं तर परकं, तीस मिळून लताबाईंच्या मागे वाजली तर आपली.

तसं पाहिलं तर एकट्या व्हायोलिनलाही आपल्याकडे परकं म्हणण्याचं कारण उरलं नव्हतं. दक्षिणेत एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच ते बाळुस्वामी दीक्षितरांनी कर्नाटक संगीतात आणलं. आपल्याकडे गजाननबुवा जोशी, व्ही. जी. जोग, दामोदर केशव दातार यांनी त्याला ख्याल गायला लावलं. मांडी घालून बसायचं, व्हायोलिनचा माथा पायाच्या घोट्यावर टेकवायचा, तारा षड्ज-पंचमात लावायच्या. ओव्हरसियर उभा राहून, हनुवटीखाली धरून वाजवायचा. व्हायोलिनवर पडदे नसतात, म्हणून मींड काढायला त्याच्यासारखं वाद्य नाही. युरोपाने ज्या मोकळेपणाचा थोडाच वापर केला, तो आपल्या लोकांनी पुरता वापरला, असं माझं मत आहे.

मुंबईला पगारी वाद्यवृंद मिळाला तो २००६ मध्ये. एनसीपीएचे खुशरू सनटूक आणि कझाकस्तानचा व्हायोलिनवादक मरात बिसेनगालिएव्ह यांनी सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया उभा केला. २०१५ मध्ये झाकीर हुसेन यांनी त्याच्यासाठी तबला आणि वाद्यवृंद यांची रचना केली, २०१९ मध्ये हा वाद्यवृंद इंग्लंडचा दौरा करून आला, २०२३ मध्ये झुबिन मेहतांनी त्याचं संचालन केलं. यात अभिमान वाटण्यासारखं पुष्कळ आहे. पण सुरुवातीपासून त्यातले बरेचसे वादक बाहेरून आणावे लागले. म्हणजे १९५२ मध्ये पाहुणा वादक आणि घरचा वाद्यवृंद होता. आता वाद्यवृंदातही पाहुणे जास्त. संस्थेने मुलांसाठी संगीतशाळा चालवली आहे, ते योग्यच आहे. वादक गोव्याच्या चर्चशाळेत तयार झाले तसे, सहाव्या-सातव्या वर्षीच तयार होतात. विसाव्या वर्षी जाहिरात देऊन मिळत नाहीत.

हे मी ऐकीव सांगत नाही. मी स्वतः तीस वर्षं एका शाळेत संगीतशिक्षक होतो. कोणती शाळा, ते राहू द्या. तिथे एका जुन्या विद्यार्थ्याने दिलेली तीन व्हायोलिनं होती. दर साली दोन-तीन मुलं तरी सा आणि प लावण्याइतकी तयार होत. त्यांतली एक मुलगी नागपूरला जाऊन पुढे शिकली. मी निवृत्त झालो, त्यानंतर माझी जागा भरली गेली नाही. मागल्या वर्षी एका कार्यक्रमासाठी तिथे गेलो होतो, तेव्हा कपाट उघडून पाहिलं. व्हायोलिनं ठीक होती. गजांचे केस मात्र कसरीने खाल्ले होते. घोड्याच्या शेपटीचे ते केस. ते बंद पेटीत राहिले की कीड खाते, रोज वाजवले की खात नाही.

मेहली मेहता २००२ मध्ये लॉस एंजेलिसला वारले, वयाच्या चौऱ्याण्णवाव्या वर्षी. तिथे त्यांनी १९६४ मध्ये तरुण मुलांचा वाद्यवृंद काढला होता आणि जवळजवळ नव्वदीपर्यंत तो स्वतः चालवला. मेन्युहिन १९९९ मध्ये गेला. आमच्या ओव्हरसियरची धरण झाल्यावर बदली झाली. जाताना त्याने मला राळेचा अर्धा वापरलेला तुकडा दिला. तो अजून माझ्याजवळ आहे. गजांना नवे केस बसवणारा माणूस नागपुरात मिळाला आहे, तीन गज त्याच्याकडे टाकले आहेत. शाळेने परवानगी दिली आहे. दर शनिवारी सकाळी मी जाईन म्हणून कळवलं आहे.